चौदा फ्लॉप्या आणि एक कार्ड

मशीन घाबरलं, असं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा माय दारात बसून विड्यांची पानं कापत होती. तिची कैची काही थांबली नाही. "घाबरलं म्हंजे?" तिनं मान वर न करताच विचारलं. मी म्हटलं, पडद्यावर तसंच लिहून येतं, इंग्रजीत, 'पॅनिक', आणि मग ते गप्प बसतं ते बसतंच. मी मुद्दाम ग्रंथालयातल्या जाड शब्दकोशात पाहून आले होते : घबराट, भीतीने गाळण उडणे. बाबा सायकल भिंतीला टेकवत होते, ते तिथूनच म्हणाले, "काहून घाबरून राहिलं वं ते? त्याले का कोनी मारून राहिलं?" मायला हसू फुटलं. मला रडू फुटायचं बाकी होतं. तिसरा दिवस होता तो. चौदा फ्लॉप्यांची ती चळत एकीमागून एक त्या मशीनच्या तोंडात घालून घालून माझी बोटं आणि डोकं दोन्ही बधिर झाली होती.

आम्ही इंदोऱ्याच्या वस्तीत राहायचो. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. मे महिन्यात तो पत्रा इतका तापायचा की दुपारी पडवीत ठेवलेलं पाणी आंघोळीला चालायचं. संध्याकाळी माय अंगणात दोन बादल्या पाणी शिंपायची, मग जरा श्वास घेता यायचा. घरात सतत तेंदूपत्त्याचा ओलसर वास आणि कैचीचा कच-कच आवाज. तो आवाज थांबला की मला झोपेतून जाग यायची, इतकी त्याची सवय. जेवायला ज्वारीची भाकर, पातळ झुणका आणि कैरीचा टक्कू, म्हणजे कैरी किसून त्यात कांदा, गूळ आणि भिवापुरी तिखट. बाबा टक्कूवर भाकर खायचे, भाजी असली तरी. आता मला कैरीच्या नुसत्या वासानं दात आंबतात. म्हातारपण म्हणजे दुसरं काय, एकेक आवड हातातून काढून घेतात.

बाबा एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात दफ्तरी होते. पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवायच्या, हे त्यांचं काम. मैद्याची खळ स्वतः शिजवायचे, त्यात मोरचूद घालायचे म्हणजे झुरळं पुस्तकाला तोंड लावत नाहीत. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायम निळसर रंग असायचा. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर असं की बघत राहावं. धम्मदीक्षेच्या वर्षी ते ऐन तारुण्यात होते. वस्तीतले सगळे कापडी फलक त्यांनीच रंगवले होते आणि तेव्हापासून लोक त्यांना 'पेंटर' म्हणायचे. ग्रंथालयातल्या तीसेक हजार पुस्तकांच्या पाठीवर त्यांचा हात होता. मराठी पुस्तकांना मराठी आकडे, इंग्रजी पुस्तकांना इंग्रजी. समितीवरचे वकील, प्राध्यापक, सगळे त्यांना अहो-जाहो करायचे ते त्या अक्षरापायी. बाकी दफ्तऱ्याला कोण विचारतो? पण काही लिहायचं निघालं, सूचनाफलक, निमंत्रण, कपाटावरचं नाव, की "बाबांना बोलवा" व्हायचं. त्या वेळी ते हात धुऊन, बाही दुमडून असे यायचे की डॉक्टर आल्यासारखं वाटावं.

त्याच ग्रंथालयात मला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. तात्पुरती. मी बारावीनंतर सीताबर्डीला संगणकाचा एक कोर्स केला होता, वर्गात आम्ही तिघीच मुली. ग्रंथालयाला कुणीतरी देणगीत संगणक दिला, तेव्हा ग्रंथपाल पिंपळापुरे साहेबांनी समितीला सांगितलं की आपल्याच माणसाची मुलगी शिकलेली आहे, तिला पाहू. आपल्याच माणसाची हे खरं, पण व्हरांड्यात मी जाताना "दफ्तऱ्याची पोरगी चालली कूलरच्या खोलीत" असंही ऐकू यायचं, आणि तेही खोटं नव्हतं. बाबा त्या संगणकाच्या खोलीत तोवर कधी बसले नव्हते. उभे राहायचे, काम झालं की निघायचे.

मशीन बसवायला पुरवठादाराचा इंजिनिअर मुंबईहून आला होता. मूळचा मद्रासकडचा, हिंदी जेमतेम. त्यावर युनिक्सच्या घराण्यातली एक प्रणाली चढवायची होती, कारण पुढेमागे तीन पडद्यांवर तिघांना एकदम काम करता यावं अशी साहेबांची हौस. त्यानं ढक्कन उघडलं, आतल्या हार्ड डिस्कवरचा छोटा कागद दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, ये तीन नंबर बाहर लिख के रखो. ढक्कन सील हो जाएगा, फिर नहीं दिखेगा." लिहायचं म्हटल्यावर साहेब लगेच म्हणाले, बाबांना बोलवा. बाबा आले. इंजिनिअरनं आकडे इंग्रजीत वाचून दाखवले, बाबांनी सूचीच्या कोऱ्या कार्डावर काळ्या शाईनं मोठे, ठसठशीत लिहिले आणि कार्ड पडद्याशेजारी भिंतीला चिकटवलं. मी तिथंच होते, पण माझं लक्ष त्या उघड्या मशीनच्या पोटात. असं आत बघायला पुन्हा कधी मिळणार होतं! इंजिनिअरनं स्वतःच फ्लॉप्या चढवल्या, प्रणाली सुरू करून दाखवली, ढक्कनावर सीलचा कागद डकवला आणि रात्रीच्या गाडीनं गेला.

चार दिवस मशीन सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पडदा काळा तो काळाच. फोनवर इंजिनिअर म्हणाला, सगळं पुन्हा चढवा, फ्लॉप्या तुमच्याकडे आहेत, नंबर कार्डावर आहेत, मुश्किल काही नाही. मुश्किल काही नाही, हे वाक्य मी पुढच्या नोकरीत हजारदा ऐकलं, आणि दर वेळी घरी उशिरा पोचले.

साहेबांनी मला समोर बसवून नीट सांगितलं. ते रागीट नव्हते, खरं सांगायचं तर भला माणूस होता, पण समितीला घाबरायचा. "हे बघ, शनिवारी समिती येणार आहे. मशीन चाललं तर तुझ्या जागेचं पक्कं करायचं मी स्वतः मांडतो. नाही चाललं, तर देणगीदाराला मशीन परत, आणि मग तुझी जागा तरी कशासाठी ठेवायची? मला सांग." जागा गेली की मला घरी परत. परत जायचं म्हणजे मायच्या शेजारी बसून पानं कापायची. मायचे गुडघे तेव्हाच गेले होते, बोटांची टोकं पानांच्या रसानं काळी पडली होती. मला तिथं बसायचं नव्हतं. हे आज इतकं सरळ लिहिता येतं. त्या वेळी मी ते स्वतःलाही मोठ्यानं म्हणत नव्हते.

तर मग सुरू झालं. पहिली फ्लॉपी घालायची, खटका खाली दाबायचा, मशीन खर्र-खर्र करायचं. मग ते विचारायचं, डिस्कचे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. कार्ड बघून तीन आकडे टाकायचे. मग दुसरी फ्लॉपी, तिसरी, प्रत्येक वेळी पडद्यावर 'पुढची घाला'. एकेका फ्लॉपीला सात-आठ मिनिटं. कूलरची घरघर, वाळ्याच्या ओल्या जाळीचा वास आणि ती खर्र-खर्र. नवव्या फ्लॉपीपर्यंत सगळं छान, अगदी गुणी मुलासारखं. नववीनंतर कधी दहावीला, कधी अकरावीला पॅनिक. घबराट. पुन्हा पहिलीपासून. दिवसातून चार-चार वेळा. दुसऱ्या दिवशी मला स्वप्नातसुद्धा 'पुढची घाला' दिसायला लागलं. वाचनालयात पेपर वाचायला येणारे म्हातारे दारातून डोकावून विचारायचे, "झालं का वो बाई तुमचं?" आणि मी "होऊन राहिलं काका" म्हणायची. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला एकेकाचा गळा दाबावासा वाटायचा.

फोन साहेबांच्या टेबलावर. डायलला छोटं कुलूप, किल्ली साहेबांच्या जानव्याला. मुंबईला लागला तर लागला, त्यातही अर्धं बोलणं खरखरीत जायचं. इंजिनिअर म्हणाला, फ्लॉप्यांवर धूळ असेल, स्पिरिटनं वाचणारा भाग पुसा. पुसला. म्हणाला, व्होल्टेज कमी असेल. साहेबांनी दुसरा स्टॅबिलायझर मागवला. म्हणाला, गर्मी जास्त आहे, कूलर मशीनपासून दूर ठेवा, पाण्याचा अंश लागतो. मग बाबांनी आणि मी मिळून तो अवजड कूलर ओढत खिडकीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि खोलीची भट्टी झाली. एकदा त्यानं विचारलं, नंबर बराबर डाला? मी म्हटलं, कार्ड देखके डाला सर. तो म्हणाला, ठीक है. इतकंच. तिथं आमचं दोघांचंही चुकलं.

गुरुवारी मी डबा उघडलाच नाही. पाच वाजता बाबा दाराशी येऊन उभे राहिले. खोलीत कोणी नव्हतं, तरी ते उंबऱ्याच्या बाहेरच. "जेवली नाही?" मी मान हलवली. "चाल, अर्धी भाकर खाऊन घे. मशीन का पळून जाते?" मी चिडून म्हटलं, "बाबा, मशीन नाही पळणार, नोकरी पळणार आहे." त्यावर त्यांनी उंबरा ओलांडला. आत आले, माझ्या शेजारचं स्टूल ओढलं आणि पहिल्यांदा त्या खोलीत बसले. मी फ्लॉप्या घालत होते, ते एकेक हातात देत होते, पाखरू धरावं तशी कडांना धरून. नववी झाली. दहावी झाली. अकरावीला मशीन घाबरलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, खळ वाळलेला, खरखरीत. म्हणाले, "माह्यानं का होऊ शकते ते सांग. मले त्यातलं काही समजत नाही, पन तू जे सांगशीन ते करतो." त्यांच्यानं काय होणार होतं! मी म्हटलं, काही नाही बाबा, घरी चला.

शुक्रवारी अकरा वाजता फोन लागला. साहेब समोर बसून समितीच्या सभेचे कागद लावत होते. इंजिनिअरचाही आवाज वैतागलेला. म्हणाला, मॅडम, सुरुवातीपासून बोला, एकेक. काय टाइप करता, अक्षर अन् अक्षर सांगा. मी कार्ड भिंतीवरून काढून हातात आणलं होतं. वाचलं, सिक्स वन फाइव्ह. तो म्हणाला, यस. मी म्हटलं, एट. तो एकदम थांबला.

"एट? कौन बोला एट? फोर हेड, मॅडम, फोर!"

मी कार्डाकडे पाहिलं. 615, ४, 17.

चार होता तो. पहिल्यापासून चारच. इंग्रजी आकड्यांच्या मध्ये बाबांचा मराठी चार, फलक रंगवणाऱ्याच्या वळणाचा, वरची दोन टोकं जवळजवळ जुळलेली. पाच दिवस मी त्याला इंग्रजी आठ वाचत होते. मी, पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेली! बाजूला इंग्रजी आकडे, समोर इंग्रजी मशीन, म्हणून डोळ्यांनी मराठी बघायचंच सोडून दिलं होतं. आणि मशीननं माझ्यावर विश्वास ठेवला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर कपाटाला खण चार, आणि मी सांगितलं आठ. पहिले चार खण भरेपर्यंत सगळं ठीक. पाचव्याचं सामान ठेवायला गेलं की ते पुन्हा पहिल्याच खणात घुसायचं आणि तिथं आधी रचलेलं खाली पाडायचं. मग आपलंच लिहिलेलं सापडेना की ते घाबरायचं. त्याचं बरोबर होतं बिचाऱ्याचं.

मी फोन ठेवला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय निघालं?"

आता हे मी नीट लिहिते, कारण हेच लिहायला बसले आहे. माझ्या मनात तेव्हा काय काय आलं ते मला स्पष्ट आठवतं. पाच दिवस वाया गेले ते माझ्या नावावर लागणार, पोरीला साधे तीन आकडे टाकता आले नाहीत असं उद्या समितीत होणार, हे आलं. बाबांची निवृत्ती वर्षावर आली आहे, त्यांचं काय बिघडतंय, हेही आलं. आणि तोंडातून निघालं, "सर, कार्डावर बाबांनी चार मराठीत लिहिला. त्यामुळे झालं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी आठ वाचला, हे मात्र मी सांगितलं नाही.

साहेबांनी शिपायाला पाठवून बाबांना बोलावलं. बाबा नेहमीसारखे हात धुऊन, बाही दुमडून आले. त्यांना वाटलं काही लिहायचं आहे. टेबलाशी तोवर मुख्य कारकून आणि दोन वाचक जमले होते. साहेबांनी कार्ड पुढं केलं. "अहो बाबा, इंग्रजी यंत्राचं कार्ड, अन् त्यात मराठी आकडा? पोरीचे पाच दिवस गेले की हो तुमच्या या चारापायी! तुमच्या सुंदर अक्षरानंच घात केला." हसून म्हणाले ते, काही टाकून बोलले नाहीत. कारकूनही हसले. बाबांनी कार्ड हातात घेतलं, जरा दूर धरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी फोनच्या कुलुपाकडे बघत होते. "चुकलं सायेब," ते म्हणाले. "हातानं सवयीनं काढला. माफी असू द्या." आणि खाली मान घालून आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर दोन तासांत चौदाही फ्लॉप्या चढल्या. एकदाही घबराट नाही. चौदावी झाल्यावर पडद्यावर लहानशी खूण आली, नाव विचारणारी. मला काही आनंद वगैरे झाला नाही. इतकी थकले होते की तिथंच टेबलावर डोकं टेकून झोपावंसं वाटत होतं. साहेबांनी लगेच समितीसाठी अहवाल टाइप करायला दिला. त्या मशीनवर छापलेला पहिला कागद तो. त्यात एक ओळ होती : दफ्तरी यांनी केलेल्या नोंदीतील चुकीमुळे विलंब झाला. मीच टाइप केली. छपाईयंत्र किरकिरत कागद पुढं ढकलत होतं आणि मी तो फाडून साहेबांच्या सहीला नेऊन दिला. समिती आली, सभासदांनी आपापली नावं पडद्यावर टाइप करून पाहिली, पोरांसारखे खूश झाले. माझं पक्कं झालं. त्याच सभेत कोणीतरी ठराव मांडला की यापुढं पुस्तकांच्या चिठ्ठ्या यंत्रावर छापाव्यात, म्हणजे गोंधळ नको. मंजूर झाला. बाबांनी त्यानंतर पुस्तकाच्या पाठीवर आकडा लिहिला नाही. छापलेल्या चिठ्ठ्या ते कापायचे आणि खळ लावून डकवायचे.

मागच्या महिन्यात माझा जुना लॅपटॉप फारच रेंगाळायला लागला, तेव्हा मी त्यावर स्वतःच लिनक्स चढवलं. पोरं म्हणतात, आई, या वयात कशाला त्रास? त्रास कसला! एक पेनड्राइव्ह, चहा होईपर्यंत काम संपलं. वायफाय आधी पकडेना, त्यावर अर्धा तास गेला, तेवढंच. डिस्क केवढी, हेड किती, काही विचारलं नाही त्यानं, आपलं आपण शोधून घेतलं. भाषा कोणती एवढं विचारलं, त्यात मराठीही होती. मी मराठी निवडली. मग पडद्यावर तारीख मराठी आकड्यांत आली, त्यात एक ४ होता, आणि मी उठून गॅस बंद करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. घरात कोणी नव्हतं, तरी निमित्त लागलंच.

पक्कं झाल्याचं पत्र त्या सभेनंतरच्या सोमवारी हातात आलं होतं. बाबांनी महालातल्या दुकानातून पेढे आणले आणि ग्रंथालयात स्वतः वाटले, वाचकांना, शिपायांना, त्या हसलेल्या कारकुनांनाही. "माही पोरगी पक्की झाली," असं प्रत्येकाला सांगत होते. घरी मायनं वडाभात केला होता. जेवताना बाबा नेहमीसारखेच बोलले, उन्हाचं, शेजाऱ्याच्या पोराचं. मला वाटलं, सुटले, त्यांच्या मनात काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं, मी हंडा लावून उभी होते. ते दात घासून आले आणि शेजारी थांबले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"चूक माहीच होती, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पन मले पहिले सांगाचं होतं ना वं. मी सोता जाऊन सांगतलं असतं सायबाले, का माह्या हातानं चुकलं, पोरीचा काही दोष नाही. तुहं कामही झालं असतं, अन् माही मान बी राहिली असती. मी तुह्यासाठी तेवढं केलं नसतं का?"

हंडा भरून वाहायला लागला तरी मी तो काढला नाही. केलं असतं. त्यांनी याहून कितीतरी जास्त केलं असतं, हे मला त्या फोनपाशीही माहीत होतं. साहेबांना "एक मिनिट" म्हणायचं, व्हरांडा ओलांडायचा, उजवीकडची दुसरी खोली बाबांची. मी ते एक मिनिट मागितलं नाही. नोकरी मात्र बत्तीस वर्षं केली.